गोळी गिळल्यानंतर : स्तनाच्या कर्करोगावरील एका औषधाचा शरीरातील प्रवास



औषध घेतले की गुण येतो, अशी सर्वसामान्य समजूत आहे. गोळी तोंडात टाकली, वर दोन घोट पाणी प्यायले, की आपले काम संपले असे मानून माणूस दुसऱ्या उद्योगाला लागतो. वास्तविक त्या क्षणापासून दोन कामे सुरू झालेली असतात. औषध शरीरावर काही परिणाम करू लागते, हे पहिले काम सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याच वेळी शरीरही त्या औषधावर काही क्रिया करीत असते. ते औषध शोषून घेते, वाहून नेते, मोडते, जोडते, बदलते आणि अखेर बाहेर टाकते. या दुसऱ्या कामाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. काही आजारांत मात्र रोग्याचे बरे होणे न होणे याच दुसऱ्या कामावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. स्तनाचा कर्करोग हा त्यांपैकी एक होय.

भारतातील स्त्रियांमध्ये आज हाच कर्करोग सर्वांत अधिक आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०२२ या वर्षासाठी केलेल्या अंदाजानुसार त्या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि ९८ हजारांहून अधिक स्त्रिया त्याला बळी पडल्या. शस्त्रक्रिया, किरणोपचार व शिरेवाटे दिली जाणारी औषधे यांचा मोठा टप्पा रुग्णालयात पार पडतो. त्यानंतर अनेक स्त्रियांना घरी राहून पाच वर्षे, काहींना दहा वर्षे, रोज एक लहानशी गोळी घ्यावी लागते. तिचे नाव ‘टॅमॉक्सिफेन’. गाठ गेलेली असते, जखम भरलेली असते, घरकाम व शेतीकाम पूर्ववत सुरू झालेले असते. ‘आता काही दुखत नाही, मग रोजची गोळी कशाला?’ हा प्रश्न नेमका अशा वेळी मनात येतो आणि गोळी बंद होते. या प्रश्नाचे उत्तर गोळीच्या शरीरातील प्रवासात दडलेले आहे.

एका फसलेल्या प्रयोगातून

स्तनाच्या कर्करोगाचा स्त्रीच्या अंडाशयाशी काही संबंध असावा, हे प्रथम लक्षात आले ते स्कॉटलंडमध्ये. ग्लासगो येथील शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये असे प्रसिद्ध केले की, अंडाशये काढून टाकल्यावर काही स्त्रियांच्या स्तनांतील वाढलेला कर्करोग ओसरतो. असे का व्हावे, याचा उलगडा होण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. अंडाशयात तयार होणारे ईस्ट्रोजेन हे संप्रेरक स्तनातील पेशींपर्यंत पोहोचते आणि तेथील एका विशिष्ट प्रथिनाला जाऊन चिकटते. त्या प्रथिनाला ‘ग्राही’ असे म्हणतात. कुलपात किल्ली बसावी तसे संप्रेरक ग्राहीत बसले की पेशीला वाढण्याचा व विभागण्याचा आदेश मिळतो. हा ग्राही दाखवून देण्याचे श्रेय शिकागो येथील शास्त्रज्ञ एलवुड जेन्सन यांच्याकडे जाते.

टॅमॉक्सिफेनचा जन्म मात्र कर्करोगाच्या संशोधनातून झाला नाही. इंग्लंडमधील आय. सी. आय. या कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६२ मध्ये डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ विदुषीने हे संयुग तयार केले. आर्थर वॉलपोल यांच्या नेतृत्वाखालील त्या गटाचा शोध संततिनियमनाच्या औषधासाठी चालला होता. उंदरांवर ते गुणकारी ठरले. पण स्त्रियांमध्ये त्याचा परिणाम अगदी उलटा, म्हणजे बीजोत्सर्गाला चालना देणारा, असल्याचे आढळून आले. संततिनियमनाच्या दृष्टीने औषध निरुपयोगी ठरले. तथापि ते ईस्ट्रोजेनच्या ग्राहीत जाऊन बसते, हा त्याचा गुण वाया गेला नाही. मँचेस्टर येथील ख्रिस्ती रुग्णालयात मेरी कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग बळावलेल्या ४६ स्त्रियांना ते देऊन पाहिले. त्यांपैकी १० स्त्रियांना चांगला उतार पडला, असे त्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे ब्रिटनमध्ये १९७३ साली व अमेरिकेत १९७७ साली त्याच्या वापरास मान्यता मिळाली.

याच कुळातील एक औषध आपल्या ग्रामीण भागात सुपरिचित आहे. आशा कार्यकर्ती ‘छाया’ या नावाने जी आठवड्याची संततिनियमनाची गोळी देते, ते लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत शोधलेले सेंटक्रोमन होय. कुळ एक असले, तरी दोन्ही औषधांची कामे निराळी आहेत आणि एकाच्या जागी दुसरे चालत नाही, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

पोटातून यकृताकडे

टॅमॉक्सिफेनची नेहमीची मात्रा दिवसाला २० मिलिग्रॅम आहे. गोळी आतड्यात विरघळते आणि तिच्यातील औषध रक्तात शोषले जाते. चार ते सात तासांत त्याची रक्तातील पातळी सर्वांत उंच जाते. हे औषध तेलात सहज मिसळणारे, पण पाण्यात फारसे न विरघळणारे असे आहे. रक्त तर मुख्यतः पाणीच. म्हणून औषधाचा जवळजवळ सर्व भाग, शेकडा ९८ पेक्षाही अधिक, रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाच्या पाठीवर बसून प्रवास करतो.

आतड्यातून निघालेले रक्त हृदयाकडे थेट जात नाही. ते प्रतिहारी नीलेतून प्रथम यकृतात येते. गावात येणाऱ्या मालाची नाक्यावर तपासणी व्हावी, त्याप्रमाणे पोटात गेलेल्या प्रत्येक पदार्थाची येथे छाननी होते. पाण्यात न विरघळणारे पदार्थ मूत्रावाटे सहजी बाहेर पडू शकत नाहीत. त्यांची रचना थोडीथोडी बदलून त्यांना बाहेर टाकण्याजोगे रूप देणे, हे यकृताचे एक महत्त्वाचे कार्य आहे. हे काम करणारी विशिष्ट प्रथिने, म्हणजेच विकरे, यकृताच्या पेशींत असतात. त्यांतील एका मोठ्या गटाला ‘सायटोक्रोम पी-४५०’ असे नाव आहे. मनुष्यात या गटाची पन्नासहून अधिक विकरे आहेत आणि प्रत्येकाची कामे थोडीफार वाटून दिलेली आहेत.

विल्हेवाटीतून घडणारे औषध

टॅमॉक्सिफेनच्या बाबतीत येथे एक विलक्षण गोष्ट घडते. यकृत त्याची विल्हेवाट लावू पाहते आणि त्या विल्हेवाटीतूनच खरे प्रभावी औषध तयार होते.

गोळीत असलेले मूळ टॅमॉक्सिफेन ग्राहीला फार घट्ट चिकटत नाही. यकृतातील ‘३-ए-४’ या क्रमांकाचे विकर त्याच्या रेणूच्या शेपटाकडील एक मिथिल गट काढून टाकते. औषधाचा सुमारे नऊ दशांश भाग या वाटेने जातो. त्यानंतर ‘२-डी-६’ हे दुसरे विकर रेणूच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन व हायड्रोजन यांची एक लहानशी जोडणी करते. या दोन संस्कारांनंतर जे संयुग तयार होते, त्याला ‘एंडॉक्सिफेन’ म्हणतात. थोडा भाग केवळ दुसरा संस्कार होऊन ‘४-हायड्रॉक्सिटॅमॉक्सिफेन’ या रूपात येतो. ही दोन्ही संयुगे मूळ औषधापेक्षा ग्राहीला कितीतरी अधिक घट्ट धरतात. प्रयोगशाळेतील मापनांत हे प्रमाण तीस ते शंभर पटींपर्यंत भरते. त्यांतही रक्तात एंडॉक्सिफेनचे प्रमाण अधिक असल्यामुळे कामाचा मोठा भार तेच उचलते, असे आता मानले जाते.

किल्लीचे उदाहरण पुढे न्यायचे झाले, तर असे म्हणता येईल की, गोळीतून कच्चे लोखंड शरीरात जाते आणि यकृताच्या भट्टीत त्याची खोटी किल्ली घडते. ही खोटी किल्ली कुलपात बसते, पण कुलूप उघडत नाही. उलट खऱ्या किल्लीची वाट अडवून ठेवते. ईस्ट्रोजेन पेशीच्या दारापर्यंत येते, परंतु त्याला आत जागा मिळत नाही. पेशीची वाढ थांबते.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. ज्या गाठीच्या पेशींत ईस्ट्रोजेनचे ग्राहीच नसतात, तेथे ही गोळी उपयोगी पडत नाही. म्हणून काढलेल्या गाठीचा तुकडा तपासून ग्राही आहेत की नाहीत हे पाहणे आवश्यक असते, आणि शेजारणीला लागू पडलेली गोळी आपल्यालाही लागू पडेल, असे समजणे चुकीचे ठरते. दुसरी गोष्ट अशी की, गोळी तीच असली तरी तिचा परिणाम घेणाऱ्याच्या यकृतावर अवलंबून राहतो.

सर्वांची घडण सारखी नसते

२-डी-६ हे विकर सर्व माणसांत सारख्या प्रमाणात नसते. ही गोष्ट उजेडात आली तीही योगायोगाने. लंडनमधील औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट स्मिथ यांनी १९७५ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसमवेत डेब्रिसोक्विन हे रक्तदाबावरील औषध स्वतः घेऊन पाहिले. सहकाऱ्यांना विशेष काही झाले नाही. स्मिथ यांचा रक्तदाब मात्र एकाएकी इतका खाली गेला की त्यांना उभे राहता येईना. त्यांच्या शरीराला ते औषध मोडता येत नव्हते. पुढील संशोधनात असे दिसून आले की, हे वैगुण्य आनुवंशिक आहे आणि त्याचे मूळ २२ व्या गुणसूत्रावरील एका जनुकात आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरामागे पाच ते दहा जणांत हे विकर जवळजवळ निष्क्रिय असते. पूर्व आशियात पूर्ण निष्क्रियता विरळा आढळते, पण मंद गतीने काम करणारे विकर बरेच आढळते. भारतीयांतही हे वैविध्य आहे.

अशा स्त्रियांच्या रक्तात एंडॉक्सिफेन कमी तयार होते, याविषयी दुमत नाही. त्यामुळे रोग उलटण्याचे प्रमाण कितपत वाढते, याविषयी मात्र निरनिराळ्या पाहण्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत. म्हणून प्रत्येक स्त्रीची जनुक चाचणी करावीच, असा सार्वत्रिक दंडक घातला गेलेला नाही. वैगुण्य असल्याचे कळून आले, तर मात्रा वाढवणे किंवा मासिक पाळी कायमची थांबलेल्या स्त्रीला दुसऱ्या प्रकारचे औषध देणे, असे पर्याय तज्ज्ञांपुढे असतात.

दुसऱ्या औषधांची आडकाठी

जन्मतः मिळालेले जनुक बदलता येत नाही. परंतु चांगल्या विकराच्या कामात आपल्याच हाताने आणलेला अडथळा टाळता येतो. काही औषधे २-डी-६ या विकराला अडवून धरतात. मानसिक खिन्नतेवर दिली जाणारी पॅरॉक्सेटिन व फ्लुऑक्सेटिन ही त्यांपैकी प्रमुख होत. टॅमॉक्सिफेनमुळे अनेक स्त्रियांना अंगातून एकदम गरम वाफा येतात, घाम फुटतो, झोप उडते. या त्रासावर कधीकधी याच गटातील औषध दिले जाते आणि एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते. कॅनडातील ओंटॅरिओ प्रांतातील २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, पॅरॉक्सेटिन जितका अधिक काळ टॅमॉक्सिफेनबरोबर घेतले गेले, तितका या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका अधिक दिसला. पुढील काही पाहण्यांत असा संबंध आढळला नाही. तथापि विकराला फारसे न अडवणारी व्हेनलाफॅक्सिनसारखी औषधे उपलब्ध असताना धोका पत्करण्याचे कारण नाही, असेच तज्ज्ञांचे मत आहे. गजकर्णावर घेतली जाणारी टर्बिनाफिन ही गोळीदेखील हेच विकर अडवते. ती औषधाच्या दुकानातून परस्पर आणण्याची सवय आपल्याकडे किती आहे, हे सांगावयास नको.

काही औषधे याच्या उलट वागतात. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन यकृतातील विकरांना इतकी चालना देते की, टॅमॉक्सिफेन नेहमीपेक्षा फार लवकर मोडून निघून जाते. फिनलंडमध्ये निरोगी व्यक्तींवर करण्यात आलेल्या व १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, रिफॅम्पिसिनबरोबर टॅमॉक्सिफेन दिले असता शरीराला मिळणारे औषध सुमारे एक सप्तमांशावर आले. क्षयरोग अद्याप हटलेला नसलेल्या आपल्या देशात ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. याचा अर्थ क्षयाचे औषध थांबवावे, असा मुळीच नाही. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या औषधांची माहिती असली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ आहे. रक्त पातळ करणारे वारफेरिन घेणाऱ्या स्त्रीनेही तसे आधीच सांगणे आवश्यक आहे, कारण टॅमॉक्सिफेनमुळे त्याचा जोर वाढतो.

घरगुती उपचारांबाबतही एक शब्द सांगणे योग्य होईल. हळद गुणकारी म्हणून तिच्या अर्काच्या कॅप्सूल अलीकडे अनेक जण घेऊ लागले आहेत. हळदीतील कर्क्युमिन आणि मिऱ्यातील पिपेरिन ही एकत्र मोठ्या मात्रेत घेतली असता रक्तातील एंडॉक्सिफेन शेकडा १२ च्या आसपास घटते, असे नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात दिसून आले. भाजी-आमटीतील चिमूटभर हळदीविषयीचा हा अभ्यास नव्हता. त्यामुळे स्वयंपाकातील हळदीला भिण्याचे कारण नाही. मात्र औषध म्हणून घेतलेले चूर्ण, काढा अथवा कॅप्सूल यांची नोंद डॉक्टरांकडे झालीच पाहिजे.

चुकलेली गोळी आणि सोडलेली गोळी

काम झाल्यावर यकृत या संयुगांना आणखी एक जोड देऊन ती पित्तात सोडते. पित्त आतड्यात येते. तेथील जीवाणू ही जोड तोडतात आणि औषधाचा काही अंश पुन्हा रक्तात शोषला जातो. अशा येरझाऱ्या चालू राहिल्यामुळे टॅमॉक्सिफेन शरीरात दीर्घकाळ टिकते. त्याचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास पाच ते सात दिवस लागतात. पहिल्या संस्कारानंतरच्या रूपास सुमारे चौदा दिवस लागतात. अखेरीस बहुतेक भाग मलावाटे बाहेर पडतो.

या संथपणाला दोन बाजू आहेत. रोज गोळी घेऊनही औषधाची रक्तातील पातळी स्थिर होण्यास सुमारे चार आठवडे व त्याच्या मुख्य रूपाची पातळी स्थिर होण्यास सुमारे आठ आठवडे लागतात. भरलेली विहीर एका दिवसात आटत नाही, तसेच एखाद्या दिवशी गोळी राहून गेली तर घाबरून जाण्याचे कारण नसते. दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत, नेहमीप्रमाणे एकच घ्यावी. परंतु विहीर उपसत राहिली आणि झरा बंद झाला, तर तळ उघडा पडण्यास वेळ लागत नाही. गोळी आठवडेच्या आठवडे बंद राहिली की खोट्या किल्ल्या संपतात, कुलपे मोकळी होतात आणि मागे दडून राहिलेल्या एखाद्या पेशीला पुन्हा वाढीचा आदेश मिळतो. यात सर्वांत फसवी बाब ही की, गोळी सोडल्यावर स्त्रीला काहीच वाईट वाटत नाही. उलट अंगातील गरम वाफा थांबल्यामुळे बरेच वाटते.

ग्राही असलेल्या कर्करोगात पाच वर्षे नेमाने गोळी घेतल्याने पुढील पंधरा वर्षांतील या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, असे जगभरातील चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून सिद्ध झाले आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅटलास’ या मोठ्या चाचणीने दहा वर्षांपर्यंत गोळी घेण्याचा अधिक लाभही दाखवून दिला.

अर्थात गोळी निर्दोष नाही. स्तनात ईस्ट्रोजेनला अडवणारे हे औषध गर्भाशयात मात्र काहीसे ईस्ट्रोजेनसारखेच वागते. त्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होण्याचा व पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा थोडा धोका असतो. पाळी बंद झाल्यानंतर पुन्हा रक्तस्राव होणे, एक पाय सुजून दुखणे किंवा एकाएकी धाप लागणे, ही लक्षणे दिसताच विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. गर्भारपणी हे औषध घ्यावयाचे नसते. त्रास होतो म्हणून परस्पर गोळी बंद करण्याऐवजी तो त्रास डॉक्टरांना सांगितला, तर त्यावर उपाय निघू शकतो.

शिरेवाटे जाणारी औषधे

रुग्णालयात शिरेवाटे दिल्या जाणाऱ्या औषधांनाही हेच नियम लागू आहेत. सायक्लोफॉस्फमाइड हे औषध रक्तात शिरताना निष्क्रिय असते. यकृतातील विकरे त्याला सक्रिय करतात. त्याच क्रियेत अ‍ॅक्रोलिन नावाचा दाहक पदार्थ तयार होतो व तो मूत्राशयात उतरतो. त्या दिवसांत भरपूर पाणी पिण्यास व लघवी तुंबवून न ठेवण्यास सांगतात, ते यासाठी. लाल रंगाचे डॉक्सोरुबिसिन मुख्यतः पित्तावाटे बाहेर पडते. म्हणून कावीळ झालेल्या रोग्याला त्याची मात्रा कमी करावी लागते. त्याचा थोडा अंश मूत्रात उतरल्याने एक-दोन दिवस लघवी लालसर होते. हे रक्त नव्हे, एवढे आधी सांगितले गेले तर घरची माणसे धास्तावून उपचार अर्धवट सोडणार नाहीत.

गावाची जबाबदारी

औषधाची निवड व मात्रा हे डॉक्टरांचे क्षेत्र आहे. त्यात इतरांनी पडू नये. पण पाच वर्षे रोज एक गोळी घेतली जाणे, हे काम रुग्णालयात होत नसून घरात होते, आणि घर गावात असते. तीस वर्षांवरील स्त्रियांची स्तनतपासणी शासनाच्या आरोग्य कार्यक्रमात समाविष्ट आहे. तिचा लाभ घेण्यास प्रवृत्त करणे, ही पहिली पायरी होय. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे, ही माहिती गरजू कुटुंबापर्यंत वेळेवर पोहोचवणे, ही दुसरी.

त्यापुढील पायऱ्या साध्या आहेत. उपचार घेणाऱ्या स्त्रीने आपल्या सर्व औषधांची यादी एका कागदावर ठेवावी आणि तो कागद प्रत्येक डॉक्टरला व औषध विक्रेत्याला दाखवावा. लिहिता येत नसेल तेथे शिक्षकाने किंवा शाळेत जाणाऱ्या मुलीने तो लिहून द्यावा. गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी नव्या आणल्या जाव्यात. पेरणीच्या दिवसांत, लग्नसराईत वा ऊसतोडणीसाठी स्थलांतर करताना गोळ्यांचा पुरेसा साठा सोबत असावा, याची आठवण आशा कार्यकर्ती व पंचायत सदस्य यांनी द्यावी. ‘बरी झालीस, आता गोळी कशाला?’ असे कोणी म्हणाले, तर ‘गोळी चालू आहे म्हणूनच ती बरी आहे’, हे उत्तर गावातील जाणत्या माणसाच्या तोंडी तयार असावे.

एक संयुग इंग्लंडच्या प्रयोगशाळेत घडले, मँचेस्टरच्या रुग्णालयात कसास उतरले आणि आज आपल्या खेड्यातील घराच्या कोनाड्यात एका छोट्या पाकिटात येऊन पोहोचले आहे. त्याचा उरलेला प्रवास कोनाड्यापासून यकृतापर्यंतचा आहे. यकृत आपले काम न चुकता करते. ती गोळी रोज त्याच्यापर्यंत पोहोचावी, एवढे मात्र माणसांनी पाहावयाचे आहे.